शिकाऊ परवाना

परीक्षा हा शब्द उच्चारला की आमच्या पिढीतील गृहिणींच्या डोळ्यांपुढे मुलांची दप्तरे, पहाटेचा गजर आणि दुधाचा पेला हातात घेऊन दाराशी उभ्या असलेल्या आपण, एवढेच चित्र येते. आधी मुलांच्या परीक्षा झाल्या, मग नातवंडांच्या सुरू झाल्या. आपली स्वतःची परीक्षा अजून व्हावयाची आहे, अशी शंकादेखील मनाला शिवत नाही. म्हणूनच सन २०२२ च्या फेब्रुवारीत, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, चष्मा पुसून आणि हॉलतिकिटासारखा एक कागद पर्समध्ये जपून ठेवून आम्ही परीक्षेला निघालो, तेव्हा घरातील मंडळींना जितके हसू आले तितकीच आम्हांला धास्ती वाटली, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

परीक्षा होती मोटार चालविण्याच्या शिकाऊ परवान्याची.

‘या वयात हा उद्योग कशाला?’ असे शेजारच्या वहिनींनी विचारले, आणि वाचकांच्याही मनात तो प्रश्न आला असेल. रिक्षा मिळत नाही म्हणून नव्हे. बडोद्यात रिक्षांची वाण कधीच नव्हती. हौस म्हणूनही नव्हे. कारण निराळे आहे, आणि ते थोडे मागे जाऊन सांगावे लागेल.

आमच्याकडे मोटार होती आणि ती चालविणारे आमचे यजमान होते. त्यांनी परवाना काढला तो १९८४ साली. त्यानंतर सदतीस वर्षे त्यांनी गाडी चालविली. डाकोरला, चांदोदला, पावागडच्या पायथ्याला, दिवाळीत नाशिकला आणि लग्नकार्यांना पुण्याला. आम्ही शेजारच्या सीटवर, मांडीवर चिवड्याचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन. रस्ता त्यांचा, डबा आमचा, अशी कामाची वाटणी कोणी न ठरविता ठरून गेली होती.

२०२१ च्या ऑक्टोबरात, नवरात्राचे दिवस असताना, दिवेलागणीच्या वेळी एका चार रस्त्यावर उजवीकडे वळताना समोरून सायकलवर येणारा एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा यजमानांना दिसलाच नाही. वेग अगदी कमी होता म्हणून अनर्थ टळला. मुलगा पडला, घोट्याचे हाड मोडले, काही आठवडे प्लास्टरमध्ये राहिला आणि ईश्वरकृपेने पूर्ण बरा झाला. दवाखान्याचा खर्च आम्ही केला. पोलीस ठाण्यावर जाऊन यजमानांनी त्याच रात्री आपण होऊन हकीकत सांगितली. त्या संध्याकाळची आणखी एक गोष्ट आहे. ती पुढे तिच्या जागी सांगू.

नंतर डोळे तपासले तेव्हा कळले की मधुमेहाने नेत्रपटलाला इजा केली आहे. सरळ समोरचे दिसते, पण बाजूचे आणि अंधुक उजेडातले दिसत नाही. ‘आता स्टिअरिंग नको,’ असे डॉक्टरांनी सांगितले. यजमान घरी आले, देवघराशेजारच्या खिळ्याला त्यांनी गाडीची किल्ली अडकविली आणि त्या विषयावर पुन्हा एक अक्षर काढले नाही. ग्रंथालयात जाणे थांबले. रविवारी मित्रांकडे जमणारा बैठकीचा अड्डा सुटला. ‘रिक्षाने जाऊ या,’ म्हटले तर ‘आज नको,’ हे ठरलेले उत्तर. अंगणात झाकण घातलेली गाडी आणि आरामखुर्चीत मिटून बसलेला माणूस. दोघांकडे पाहून आमचे मन उदास होई. दिवाळी झाली, संक्रांत झाली. एके दिवशी खिळ्यावरची धूळ पुसताना आमच्या मनात आले, की ही किल्ली इथे कायमची राहावी असा काही नियम नाही.

या प्रवासात आम्हांला सोबतीण मिळाली ती आमच्या पुतण्याची मुलगी. नात्याने नातच. तिला नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झाली होती आणि स्कूटरचा परवाना हवा होता. अर्ज भरण्याचे सगळे काम तिने केले. आमच्यासाठी एक कागद अधिक लागला: चाळिशी उलटलेल्या अर्जदाराला डॉक्टरांचे शारीरिक पात्रतेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. तिला मात्र आपली प्रकृती ठीक असल्याचे स्वतःच लिहून देऊन भागले. ‘आजी, तुमच्यावर सरकारचा विश्वास नाही,’ असे म्हणून ती हसली.

येथे एका मोहाचीही हकीकत सांगितली पाहिजे. परवान्याची गोष्ट चारचौघांत निघताच एका ओळखीच्या गृहस्थांनी दलालाचे नाव सुचविले. ‘तुम्ही नुसते जाऊन बसायचे, बाकीचे तो पाहील. पुस्तक वाचण्याची दगदग कशाला?’ आम्ही हे बोलणे घरी सांगितले, तेव्हा यजमान कित्येक दिवसांनी प्रथमच गाडीच्या विषयावर बोलले. म्हणाले, ‘सयाजीराव महाराजांनी १९०६ साली साऱ्या संस्थानात मुलामुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ते दलालाकडून परीक्षा देण्यासाठी नव्हे.’ बोलणे थट्टेचे होते. पण दलालाचा विषय तिथेच संपला. आमच्याकडे त्याला नकार देण्याचे आणखीही एक कारण होते, ते आम्ही तेव्हा बोललो नाही.

रावपुऱ्यातील दुकानातून प्रश्नोत्तरांचे पुस्तक आणले आणि अभ्यास सुरू झाला. पहिली अडचण भाषेची. संगणकावरच्या या परीक्षेसाठी आमच्या राज्यात गुजराथी, हिंदी वा इंग्रजी यांपैकी एक भाषा निवडावी लागते. मराठी नाही, आणि ती असावी असा आमचा आग्रहही नाही. आम्ही बडोदेकर मराठी माणसे भाजी गुजराथीत घेतो, भांडण हिंदीत करतो आणि हिशेब मराठीत मांडतो. कोणती भाषा कुठे संपते याचा पत्ता आमचा आम्हांलाच नसतो. आमचे सगळे शिक्षण बडोद्यातल्याच मराठी शाळेत झालेले. जन्मभर कानाने ऐकलेली आणि जिभेने बोललेली गुजराथी आम्ही निवडली खरी, पण ती डोळ्यांनी झरझर वाचण्याचा सराव नव्हता. बाजारातली गुजराथी आणि सरकारी कागदावरची गुजराथी यांत तितकेच अंतर, जितके माजघरातल्या मराठीत आणि कोर्टाच्या समन्सातल्या मराठीत.

याच अभ्यासात एक शब्द भेटला: राहदारी. जुन्या मराठी कागदपत्रांत राहदारी म्हणजे वाटेवरून माल नेण्याची जकात, किंवा त्या वाटेने जाऊ देणारा परवाना. गुजराथीत मात्र राहदारी म्हणजे पायी चालणारा माणूस. आम्ही परवान्याच्या मागे लागलो होतो, आणि पुस्तक पानापानावर त्या पायी चालणाऱ्या माणसाविषयी विचारीत होते. झेब्रा पट्ट्यांवर तो उतरला असेल तर काय कराल? तो म्हातारा असेल, आंधळ्याची पांढरी काठी त्याच्या हातात असेल, तर काय कराल? उत्तर एकच: थांबा, त्याला आधी जाऊ द्या.

मग फलक. रस्त्यावर इतकी वर्षे हिंडून आम्ही त्यांच्याकडे कधी नीट पाहिलेच नव्हते. त्यांच्यातही घराण्यासारखी व्यवस्था आहे, हे नातीने समजावून दिले. गोल फलक आज्ञेचे, त्रिकोणी फलक सावधगिरीचे आणि चौकोनी फलक माहितीचे. आम्ही ते आपल्या पद्धतीने लक्षात ठेवले: गोल म्हणजे सासूबाईंचा शब्द, तो मोडावयाचा नाही, त्रिकोण म्हणजे आईचा, ‘जपून जा ग’ असे सांगणारा, आणि चौकोन म्हणजे शेजारणीचा, पुढे दवाखाना आहे, पेट्रोल आहे, खाणावळ आहे, हे न विचारता सांगणारा. गोलांतही लाल कडेचा गोल बहुधा ‘हे करू नका’ म्हणतो, तर निळा गोल ‘हेच करा’ म्हणतो. दोन फलक मात्र कुळाबाहेरचे: ‘थांबा’ हा अष्टकोनी आणि ‘वाट द्या’ हा टोक खाली केलेला त्रिकोण. त्यांचे आकार असे वेगळे का, तर धुळीने अक्षरे पुसली गेली, तरी नुसत्या आकारावरून चालकाने त्यांना ओळखावे. एवढा विचार कोणीतरी आपल्यासाठी करून ठेवला आहे, हे वाचून खरोखर बरे वाटले.

पुष्कळ नियम आपण रोज मोडलेले पाहतो, म्हणून ते नियम आहेत हेच ठाऊक नसते. सर्कलमध्ये शिरताना आधीपासून आत फिरणाऱ्या वाहनांना वाट द्यावयाची असते. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, उतरणाऱ्याने थांबावयाचे. लुकलुकणारा पिवळा दिवा म्हणजे वेग कमी करून जपून जा. लुकलुकणारा लाल म्हणजे आधी पूर्ण थांबा, पाहा आणि मग निघा. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि वेगाचे गणित तर आम्ही वहीच्या पानावर मांडून पाहिले: ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात गाडी १४ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागावयाचा तो त्यानंतर. आमच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत आम्ही चालून पाहिले, तेवढेच अंतर भरले. तेवढ्या अंतरात शेजाऱ्यांची तीन लहान मुले रोज क्रिकेट खेळतात.

बिनपहाऱ्याच्या रेल्वे फाटकाचाही प्रश्न होता. कायदा असा, की गाडी थांबवावी, बरोबरच्या माणसाने किंवा कोणी नसल्यास चालकाने स्वतः उतरून रुळांपर्यंत चालत जावे, दोन्ही बाजूंना आगगाडी नाही याची खात्री करावी आणि मगच गाडी पलीकडे न्यावी. रुंद मार्गावरची अशी फाटके २०१९ च्या जानेवारीपर्यंत रेल्वेने बंद केली, तरी प्रश्न पुस्तकात आहेच. आमच्या भागाला तो प्रश्न परका नाही. १८६२ साली डभोई ते मियागाम ही गायकवाडांची अरुंद रेल्वे सुरू झाली, तेव्हा तिचे डबे प्रथम बैल ओढीत असत. बैलांच्या गाडीला वाट देण्यासाठी तेव्हा कोणाला उतरावे लागत नसेल. यंत्र आले, वेग आला, आणि मग नियम आले.

महिनाभर असा अभ्यास करून आम्ही दोघी परीक्षेला गेलो. २०१९ च्या अखेरीपासून आमच्याकडे ही परीक्षा आय.टी.आय.मधूनही घेतली जाऊ लागली आहे. बाकांवर सगळी अठरा-वीस वर्षांची मुले. आम्हांला पाहून एकाने उठून जागा दिली आणि ‘कोणाबरोबर आलात?’ असे विचारले. संगणकापुढे बसलो. पंधरा प्रश्न, प्रत्येकाला मोजकी सेकंदे, आणि कोपऱ्यात उलटे मोजणारे घड्याळ. त्या घड्याळाने आमचा घात केला. गुजराथीतला प्रश्न वाचावा, तिन्ही पर्याय पुन्हा वाचावेत, ‘उभे करू नका’ची एक तिरकी रेघ की ‘थांबूही नका’ची दोन रेघांची फुली, हे आठवावे, तोच पडदा बदले. पंधरांपैकी आठ उत्तरे बरोबर आली. नापास. नात पास झाली होती. परत येताना रिक्षात ती काही बोलली नाही, आमचा हात तेवढा धरून बसली. मुलांच्या परीक्षांनंतर आपण असेच बसत असू, हे आठवून आम्हांला हसू आले आणि डोळेही भरले.

घरी यजमानांनी निकाल ऐकला. सांत्वन केले नाही, थट्टाही केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी पाहतो तो पुस्तक त्यांच्या हातात. जाड भिंग डोळ्याला लावून त्यांनी प्रश्न वाचला आणि म्हणाले, ‘सांग. पाच सेकंदांत.’

त्या दिवसापासून रोज चहाबरोबर वीस प्रश्न होऊ लागले. पहिल्याच आठवड्यात एक मौज उघडकीस आली. कित्येक उत्तरे त्यांनाही ठाऊक नव्हती! त्यांचा परवाना १९३९ च्या जुन्या कायद्याच्या अमलातला. सध्याचा कायदा १९८८ चा, तो लागू झाला १९८९ च्या जुलैत. संगणकावरचा असा पेपर त्यांनी कधी दिलाच नव्हता. लुकलुकणाऱ्या लाल दिव्याचे उत्तर त्यांनी चुकविले, आणि सर्कलचेही. ‘सदतीस वर्षे चाललेच की!’ असे आम्ही म्हणालो, तर ते भिंग खाली ठेवून म्हणाले, ‘चालले ते इतरांनी सांभाळून घेतले म्हणून.’ हे बोलताना त्यांच्या मनात काय होते, ते आम्ही विचारले नाही.

मग एके सकाळी तो प्रश्न आला. तुमच्या वाहनाने अपघात होऊन कोणी जखमी झाल्यास तुम्ही काय कराल? यजमानांनी तो वाचला, पर्यायही वाचले, आणि ते आमच्याकडे पाहत राहिले.

वाचकहो, मागे राखून ठेवलेली गोष्ट ती हीच. त्या ऑक्टोबरच्या संध्याकाळी सायकल पडल्याचा आवाज झाला, तेव्हा शेजारच्या सीटवर आम्ही होतो. गरब्याची गर्दी, अंधारून आलेले, माणसे धावत येताना दिसत होती. आणि आमच्या तोंडून शब्द गेले, ‘अहो, चला, थांबू नका!’ विचार करून बोललो नाही, भीतीने बोललो. पण बोललो. यजमानांनी गाडी थांबविली, दार उघडले आणि ते खाली उतरले. धावत आलेल्या माणसांनी कोणाला मारले नाही. एकाने पाणी आणले, दुसऱ्याने सायकल उचलली, आणि त्या मुलाला आम्ही आमच्याच गाडीतून दवाखान्यात नेले. मागच्या सीटवर त्याचे डोके आमच्या मांडीवर होते. तो सारखा विचारीत होता, ‘काकी, सायकल कुठे आहे?’ आम्हांला त्याच्या डोळ्यांना डोळा देता येत नव्हता.

आमचे शब्द यजमानांनी ऐकले होते. त्यांनी ते कधी काढले नाहीत, आम्हीही नाही. दलालाला नाही म्हणण्याचे दुसरे कारण हेच होते. एका परीक्षेत आम्ही एकदा, पुस्तक न उघडता, चुकीचे उत्तर देऊन बसलो होतो. दुसरीही दुसऱ्याच्या हातून सोडवून घ्यावी, हे मनाला पटेना.

त्या सकाळी आम्ही उत्तर सांगितले: गाडी थांबवावी; जखमीला ताबडतोब वैद्यकीय मदत मिळवून द्यावी; पोलिसांना, आणि ते जवळ नसतील तर चोवीस तासांच्या आत ठाण्यावर, कळवावे; विमा कंपनीलाही कळवावे. यजमान म्हणाले, ‘बरोबर.’ आणि पान उलटले. चहा निवून गेला होता; तो त्यांनी तसाच पिऊन टाकला.

याच कलमाला जोडून एक माहिती आम्हांला अगोदर असती तर त्या संध्याकाळची भीती कदाचित थोडी कमी झाली असती, म्हणून येथे देतो. अपघातातील जखमीला मदत करणाऱ्या त्रयस्थ माणसाला २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण दिले आहे. सद्भावनेने मदत करताना काही उणे झाले, तरी त्याच्यावर दावा वा फिर्याद होऊ शकत नाही, आणि आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही. रस्त्यावर कोणी पडलेले दिसले तर ‘नसती भानगड नको’ म्हणून पुढे जाण्याची आता गरज नाही. हे घरातील मुलांना जरूर सांगावे.

दुसऱ्या खेपेला आम्ही एकट्याच गेलो. तो अपघाताचा प्रश्न पंधरांत आलाच, सातवा की आठवा. बोट ठेवावयास आम्हांला दोन सेकंदेही लागली नाहीत. घड्याळ उरलेले आकडे मोजीत राहिले आणि आम्ही पडद्याकडे पाहत राहिलो. शेवटी निकाल आला: तेरा बरोबर, दोन चूक. पास.

घरी पेढे आले. यजमानांनी मात्र विचारले, ‘ती दोन कोणती?’ एक हाताने करावयाच्या खुणेचा होता, दुसरा अरुंद पुलाच्या फलकाचा. ते म्हणाले, ‘परीक्षेत दोन चुकलेली चालतात. पुलावर ती एक चालणार नाही.’ त्याच संध्याकाळी ते दोन प्रश्न पुस्तकात शोधून, खुणा करून ठेवले. पास होण्यापुरते यावे आणि पुढचे देवावर सोडावे, ही आपल्याकडची जुनी सवय आहे. शाळेच्या पेपरात ती खपून जाते. हा पेपर तसा नव्हे. यात राहिलेल्या उत्तराची किंमत आपण देत नाही, सायकलवरचा मुलगा देतो.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळ भगिनी ती विचारतात. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि पक्क्या परवान्याची चाचणी तो मिळाल्यापासून तीस दिवसांनंतरच देता येते. तोवर गाडीवर पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा, आणि शेजारी परवानाधारक शिकविणारा हवा, तोही गाडी आवरता येईल अशा जागी बसलेला. आम्ही मोटार शिकविणाऱ्या शाळेच्या गाडीवर शिकलो. तिला शिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असतो. यजमान काही दिवस मागच्या सीटवर येऊन बसत. सदतीस वर्षांत ते मागे बसलेले आम्ही प्रथमच पाहिले. क्लच सोडताना गाडी आचके देई, तेव्हा आरशात त्यांचे ओठ हलताना दिसत. शब्द मात्र ते गिळून टाकीत. एवढा संयम आम्हांला शेजारच्या सीटवर कधी साधला नव्हता.

चाचणी आमच्या राज्यात कॅमेरे आणि सेन्सर लावलेल्या मैदानावर होते. आठचा आकडा काढणे, गाडी उलटी मागे घेणे, कडेला दोन खुणांच्या मध्ये नीट लावणे, आणि चढावर थांबून मागे न घसरता पुढे काढणे. कडेला लावताना आम्ही पहिल्यांदा नापास झालो. आठवड्यानंतर पुन्हा गेलो आणि उत्तीर्ण झालो. जूनमध्ये टपालाने परवाना आला. पन्नाशीच्या आतल्यांना तो दहा वर्षे वा त्याहून अधिक काळ मिळतो. पंचावन्न ओलांडलेल्यांना एका वेळी पाचच वर्षांचा. आमच्यावर मुदत आहे २०२७ पर्यंतची.

परवाना आला त्या संध्याकाळी यजमान उठले, खिळ्यावरची किल्ली काढली, आणि काही न बोलता आमच्या हातावर ठेवली. झाकण काढून, हवा भरून घेऊन, आम्ही ग्रंथालयापर्यंत गेलो. शेजारच्या सीटवर ते होते, मांडीवर परत करावयाची पुस्तके. वाटेत तो चार रस्ता लागतो. उजवीकडे वळावयाचे होते. समोरून दोन सायकली, एक हातगाडी आणि एक आजीबाई येत होत्या. आम्ही थांबलो. मागच्याने हॉर्न वाजविला, पुन्हा वाजविला. जन्मभर दुसऱ्याच्या हॉर्नने घाबरणारा आमचा जीव त्या वेळी घाबरला नाही, असे म्हणवत नाही. पण पाय ब्रेकवरच राहिला. यजमान म्हणाले, ‘थांब. जाऊ दे त्यांना.’ आम्ही म्हणालो, ‘थांबलेच आहे.’

असो. परवाना मुदतीत नवा करून घेतला तर लेखी परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. तरीही ते पुस्तक आम्ही रद्दीत घातलेले नाही. पंचांगाशेजारी ठेवले आहे, आणि रविवारी चहाबरोबर पाचसहा प्रश्न अजूनही होतात. नातही कधी येऊन बसते. तिचे पंधरांपैकी किती आले होते, हे ती सांगत नाही, पण सर्कलचे उत्तर तिचेही मागच्या रविवारी चुकले. ज्या घरात गाडी वा स्कूटर आहे, त्या घरातल्या कोणीही, परवाना नवा असो की चाळीस वर्षांचा जुना, एकदा हे पुस्तक उघडून पाहावे, एवढीच या महिन्याची आमची विनंती.